दोनशे रुपयांचे बक्षीस आणि आठ महिन्यांची तिकिटे

महाराष्ट्र राज्य लॉटरीचे तिकीट मी गेले आठ महिने दर आठवड्याला एक याप्रमाणे घेतले आणि प्रत्येकाची किंमत घरखर्चाच्या वहीत लिहिली. चौतीस तिकिटांवर एकोणीसशे रुपयांहून थोडा अधिक खर्च झाला आणि बक्षीस एकदाच लागले, तेही दोनशे रुपयांचे. ते घ्यायला सीताबर्डीतील नेहमीच्या स्टॉलवर गेलो, तेव्हा विक्रेत्याने यादीशी नंबर ताडून पाहिला, माझे तिकीट गल्ल्यात टाकले आणि रोख रकमेऐवजी तेवढ्याच किमतीची पुढच्या सोडतीची तिकिटे पुढे सरकवली. "काकाजी, सगळे असेच घेतात," असे तो म्हणाला. मी नकार दिला. पन्नासच्या चार नोटा हातात पडायला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या दिवशी मी त्याला लबाड ठरवून घरी आलो होतो. पुढच्या आठवड्यात शांतपणे बोलणे झाले, तेव्हा कळले की तो तिकिटे स्वतःच्या पैशांनी उचलतो आणि सोडतीपर्यंत जी खपत नाहीत ती त्याच्याच अंगावर पडतात. म्हणून माझे मत मी बदलले आहे. माझी तक्रार आता त्या माणसाविषयी नसून या सवयीविषयी आहे. लहान बक्षिसे शेवटच्या चार अंकांवर निघतात. यादीत असे शंभर वेगवेगळे क्रमांक आहेत असे धरले, तरी एका तिकिटाला त्यांपैकी एखादा लागण्याची शक्यता शंभरात एक एवढीच असते. एवढ्या दुर्मीळ योगाने आलेले पैसे पुन्हा तिकिटांत गेले, तर वहीत ना जमा दिसते ना खर्च, आणि घेणाऱ्याला मात्र आपण फुकट खेळलो असे वाटत राहते. माझ्या मते बक्षिसाच्या आकड्यापेक्षा ते रोख मिळते की नाही, हे आधी पाहावे.

हे चार अंक कुठून आले, तेही सांगायला हवे. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने एका अंकावर बक्षीस देण्यास मनाई केली आहे, कारण तसा खेळ आणि मटका यांत काही अंतर उरत नाही. मटक्याचा उगम तर कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत आकडे लावले जात, आणि 'ओपन' व 'क्लोज' हे शब्द तिथूनच आलेले. कॉटन मार्केटच्या नावाने अख्खा भाग ओळखणाऱ्या आम्हा नागपूरकरांना हा धागा सहज कळावा. केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी काढली. महाराष्ट्राने १२ एप्रिल १९६९ रोजी ती सुरू केली, त्यामागे लोकांना मटक्यापासून वळवावे हाच हेतू होता. तो हेतू मला आजही पटतो, आणि म्हणूनच जिंकलेला माणूस पैसे घेऊन घरी जाऊ शकला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो.

कराचे गणित थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे छापील किंमत शंभर रुपये असेल तर त्यातले सुमारे २८ रुपये ५७ पैसे कराचेच असतात. बक्षीस दहा हजारांच्या वर गेले की ३० टक्के कर कापूनच रक्कम हाती येते. कोणी दावा न केलेल्या बक्षिसाची रक्कम राज्याकडे जमा होते, त्यामुळे चुरगळलेले तिकीट फेकण्यापूर्वी निकाल अवश्य पाहावा.

बक्षिसावरचा कर ते बक्षीस देणाराच कापून घेतो, ही गोष्ट आमच्या शेजारच्या मावशींना ठाऊक असती तर फार बरे झाले असते. न घेतलेल्या तिकिटावर पंचवीस लाख लागल्याचा निरोप त्यांच्या फोनवर आला आणि बक्षीस सोडवण्यासाठी आधी कर भरा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी आठ हजार रुपये पाठवले. दुसऱ्या मागणीच्या वेळी त्यांनी मला विचारले, तेव्हा मी त्यांच्यासोबत बसून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. ते पैसे अजून परत आलेले नाहीत.