एपीआयचं अमोनिया टेस्ट किट: पिवळं निघालं की हुश्श

नागपुरात नंदनवनच्या आमच्या घरी दोन फुटी टाकीत तीन गोल्डफिश आहेत. तीन जास्तच होतात, पण पोराच्या हट्टापुढे काय बोलणार. गेल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मला सफाईचा झटका आला आणि फिल्टरचा काळा पडलेला स्पंज मी सरळ नळाखाली धरून पिळून पिळून धुतला. नव्यासारखा झाला म्हणून खूश होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगा म्हणे, "बाबा, मासे वर येऊन तोंड मारून राहिले ना!" पाहतो तर कल्ले लालभडक.

मासे जिथून घेतले होते त्या दुकानात फोन लावला. "निळं औषध टाका," म्हणाले. टाकलं. टाकी निळी झाली, मासे तसेच. संध्याकाळी बर्डीच्या बाजारात जाऊन पाण्यातला अमोनिया मोजणारं एपीआय कंपनीचं हे किट आणलं. तिन्ही माशांच्या किमतीपेक्षा महाग पडलं, त्यावरून घरी बोलणी खाल्ली ती वेगळी.

डब्यात दोन बाटल्या, काचेची एक नळी आणि रंगांचं कार्ड. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८, झाकण लावून हलवायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. बाटली पार उलटी, उभी धरायची, नाहीतर थेंब लहानमोठे पडतात. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. जितकं हिरवं, तितकं वाईट. आमचं पाच मिनिटं पुरी व्हायच्या आतच पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. कार्डावर लावून पाहिलं, ४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत चार भाग.

बायकोचा संशय नळाच्या पाण्यावर होता. तेही तपासलं, पिवळंधमक! म्हणजे नळाच्या पाण्यात अमोनिया नव्हता, गुन्हेगार मी होतो. माशांच्या कल्ल्यांतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात, आणि नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं मी त्यांचाच निकाल लावला होता.

मग खाणं बंद केलं, रोज अर्धं पाणी बदललं. तेही गच्चीवरच्या टाकीचं उकळतं पाणी नाही. रात्रीच बादल्या भरून ॲन्टी-क्लोरीन टाकून कूलरजवळ ठेवायचो. दुकानात मिळणारं साधं ॲन्टी-क्लोरीन फक्त क्लोरीन काढतं, अमोनियाला हात लावत नाही, हे मला तेव्हाच कळलं. मित्राच्या जुन्या टाकीतला एक मळका स्पंज आणून आमच्या फिल्टरमध्ये कोंबला. माझ्या मते खरं काम त्यानंच केलं. रोज रात्री नळी घेऊन बसायचो. गडद हिरवं, पोपटी, मग लिंबासारखं. अकराव्या दिवशी पिवळं. एक मासा मात्र चौथ्या दिवशीच गेला.

उणं काय? ० आणि ०.२५ मधला फरक आमच्या बैठकीतल्या पिवळ्या बल्बखाली कळत नाही, खिडकीशी दिवसाउजेडीच पाहावं लागतं. दुसरं म्हणजे हे एकूण अमोनिया दाखवतं, त्यातला विषारी किती ते नाही. तो पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते) आणि गरमीवर ठरतो: ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असला तर शंभरात एक हिस्साही नाही, ८ असला तर सात-आठ. नागपूरच्या उन्हाळ्यात टाकी ३२-३३ वर जाते, म्हणून पीएचची पट्टीही जवळ ठेवा.

१३० वेळा तपासता येतं, म्हणजे एका टाकीला भरपूर झालं. नवीन टाकी लावणाऱ्यानं मासे आणायच्या आधी हे घ्यावं. बाटल्या लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. आमच्याकडे त्या कपाटात सर्वांत वर असतात. स्पंज आता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा दाबतो आणि परत लावतो. काळाच राहतो.