लोकसभा मतदारसंघांचा भिंतीवरचा नकाशा : घ्या, पण रंगावर जाऊ नका

शिरपूरला आमचं कटिंगचं दुकान आहे, तीन खुर्च्या अन एक लांब बाकडं, आणि निवडणूक असो नसो त्या बाकड्यावर राजकारण बारा महिने चालू असतं. धुळ्याला आग्रा रोडवर दुकानाचं सामान घ्यायला गेलो होतो तर एका स्टेशनरीवाल्याकडे हा नकाशा लटकवलेला दिसला, महाराष्ट्राचे ४८ लोकसभा मतदारसंघ, २०२४ च्या निकालाचे रंग भरलेले आणि बाजूला विजयी उमेदवारांचा तक्ता. साडेतीनशे सांगितले, तीनशेला दिला. असे नकाशे दोन-तीन जणांचे येतात, सगळे बघायला सारखेच, त्यामुळे खाली जे लिहितोय ते बघून घ्या आणि दुकानातच तपासून घ्या.

आधी वस्तूबद्दल. लॅमिनेशन जाड आहे, वर-खाली प्लास्टिकची पट्टी, टांगायला दोरी. आमच्या दुकानात केस उडतात, पाण्याचा फवारा चालतो, पावडर उडते, तरी ओलं फडकं फिरवलं की साफ. मार्करने लिहून पुसता येतं हा तर मोठाच फायदा, आमच्याकडे पोलीस भरती आणि एमपीएससीवाली पोरं येतात ती त्याच्यावर आकडे लिहून ठेवतात. एकच आहे, चकाकी फार, ट्यूबलाइट समोर असेल तर अख्खा विदर्भ दिसत नाही. आणि सलूनवाल्यांनो, आरशासमोरच्या भिंतीवर लावू नका, खुर्चीतल्या माणसाला सगळा महाराष्ट्र उलटा दिसतो, गडचिरोली गुजरातच्या शेजारी जाते. मी बाकड्याच्या वर बाजूच्या भिंतीला लावला.

आता खरा मुद्दा. या नकाशाची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे लोकसभेची जाड रेघ आणि तिच्या आत विधानसभेच्या बारीक रेघा, नंबर आणि नावासकट. एका लोकसभेत सहा विधानसभा, ४८ गुणिले सहा म्हणजे २८८, हे पोरांना पाठ असतं पण ते सहा तुकडे कुठले आणि कसे जोडलेत ते पाठ नसतं, मोठ्यांना तर अजिबात नसतं. जिल्ह्यांचा नकाशा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असतो आणि माणूस त्याच्यावरूनच निकाल समजून घ्यायला जातो, तिथंच सगळा घोळ होतो.

आमचंच घ्या ना. शिरपूर धुळे जिल्ह्यात, कलेक्टर धुळ्याचा, एसपी धुळ्याचा, पण खासदार नंदुरबारचा. साक्रीचंही तसंच. नंदुरबार जिल्हा १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला तेव्हा आम्ही धुळ्यातच राहिलो, पण लोकसभेला अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर यांच्यासोबत साक्री आणि शिरपूर. सहाच्या सहा जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आणि लोकसभाही राखीव. मग धुळे लोकसभेत काय उरलं तर धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, आणि बाकीचे तीन थेट नाशिक जिल्ह्यातून, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण. एक नाना कायम येतात दाढीला, वय झालंय, चष्मा विसरतात, ते नकाशाला नाक लावून उभे राहिले, "आपलं गाव कथा शे रे भो?" (कुठं आहे) म्हणत धुळ्याच्या रंगात शोधत होते. मी हात धरून वर नंदुरबारच्या रेघेत नेलं तर म्हणे हे छापणाऱ्याने चुकवलं. म्हटलं नाना, तुम्ही मतदान १३ मे ला केलं की नाही, हो म्हणे, आणि तुमच्या धुळ्याच्या जावयाने? त्याने तर २० ला केलं. मग झालं की! एकाच जिल्ह्यात २०२४ ला दोन तारखा होत्या, शिरपूर-साक्रीला चौथ्या टप्प्यात १३ मे, धुळे-शिंदखेड्याला पाचव्या टप्प्यात २० मे, कारण लोकसभा वेगळ्या. तरी नाना पूर्ण मानले नाहीत, पण निदान चूक छापणाऱ्याची नाही एवढं कबूल केलं.

जळगावकडे पण बघा. जिल्ह्यात ११ विधानसभा, त्यातल्या जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा या सहा जळगाव लोकसभेत, आणि चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर या पाच रावेर लोकसभेत, सहावी कमी पडली म्हणून बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर. म्हणजे खानदेशचा खासदार निवडायला विदर्भातला एक तुकडा मतदान करतो. आणि आमच्या शेजारचं चोपडा, शिरपूरला लागून, ते रावेरमध्ये. चोपड्याचा आमचा एक गिऱ्हाईक आहे, तो म्हणतो आमच्या खासदाराच्या गावाला जायचं तर अख्खा जिल्हा आडवा पार करावा लागतो. जुन्या लोकांना एरंडोल लोकसभा आठवते, मालेगाव लोकसभा आठवते, त्या दोन्ही २००८ ला मतदारसंघांच्या रेघा नव्याने आखल्या त्या पुनर्रचनेत गेल्या, रावेर तेव्हाच आली, आणि धुळे जी आधी राखीव होती ती खुली झाली. हा इतिहास नकाशात कुठेच नाही, कोपऱ्यात २००८ आधीचा छोटा नकाशा टाकला असता तर पन्नास रुपये जास्त दिले असते आनंदाने. त्या कोपऱ्यात त्यांनी काय टाकलंय तर कमळाच्या तळ्याचा फोटो, कशासाठी ते देव जाणे, एखाद्या पक्षाचा माणूस आला की हसतो आणि दुसऱ्याचा आला की चिडतो.

आता माझी खरी तक्रार, रंग. जिंकलेल्या पक्षाचा रंग अख्ख्या मतदारसंघाला फासलेला. खानदेशात दोन रंग दिसतात, नंदुरबार आणि धुळे काँग्रेसचा, जळगाव आणि रावेर भाजपचा. लांबून बघितलं तर वाटतं की पश्चिम खानदेश एकीकडे आणि पूर्व खानदेश दुसरीकडे, झालं, विषय संपला. पण तक्त्यात बघा, नंदुरबारला गोवाल पाडवी १,५९,१२० मतांनी आले भाजपच्या हिना गावितांसमोर, आणि धुळ्याला डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी आल्या भाजपच्याच डॉ. सुभाष भामरेंसमोर. दीड लाखाच्या वर आणि चार हजाराच्या आत, रंग मात्र एकच, तेवढाच गडद. राज्यात याच्यापेक्षा कमी फरक एकाच ठिकाणी होता, मुंबई उत्तर पश्चिमला ४८ मतांचा. इकडे जळगावला स्मिता वाघ २,५१,५९४ आणि रावेरला रक्षा खडसे २,७२,१८३, हे खरे गडद रंग. फिकट-गडद करायला छापखान्याला काय जास्त शाई लागणार होती का?

आणि धुळ्याची गोष्ट तर या नकाशात दिसूच शकत नाही अशी आहे. सहापैकी पाच विधानसभांमध्ये भामरे पुढे होते, एकट्या मालेगाव मध्यने बच्छावांना सुमारे १ लाख ९४ हजारांचा लीड दिला आणि सगळा हिशोब फिरला. मालेगाव मध्य नकाशावर किती आहे तर करंगळीच्या नखाएवढं, नावसुद्धा आत मावलं नाही म्हणून बाण काढून बाहेर लिहिलंय. त्याच्या उलट अक्कलकुवा बघा, सातपुड्याचा केवढा मोठा तुकडा, नर्मदेपर्यंत, डोंगर आणि पाडे, तिथलं मणिबेली म्हणजे राज्याचं मतदान केंद्र नंबर एक, पण जागा मोठी म्हणून मतं जास्त असं काही नसतं. जमीन मतदान करत नाही ना, माणसं करतात. यावरून दुकानात दोन गिऱ्हाइकं एवढी जुंपली की एकाची अर्धी दाढी तशीच राहिली, एक म्हणे एका शहराने पाच तालुक्यांचं मत खाल्लं, दुसरा म्हणे मत म्हणजे मत, शहरातलं असो का शिवारातलं, मोजायचं सगळं सोबतच. मी म्हटलं, दुसऱ्याचं गणित बरोबर आहे आणि पहिल्याचा राग समजतो, आता मान सरळ ठेव, हातात वस्तरा आहे. मग एका पोराने मोबाईलवर फॉर्म २० काढला, ज्याच्यात बूथवार आणि विधानसभावार मतं असतात, आणि मार्करने नकाशावर सहाही ठिकाणी कोण पुढे ते लिहून टाकलं. ते लिहिल्यावर नकाशा खरा कामाचा झाला, हे छापूनच यायला पाहिजे होतं.

तक्त्याबद्दल. अक्षर इतकं बारीक की चाळिशीच्या पुढच्याला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मजकूर मात्र मी तपासला, पक्षवार आकडे बरोबर आहेत, काँग्रेस १३, भाजप ९, ठाकरेंची शिवसेना ९, शरद पवारांची राष्ट्रवादी ८, शिंदेंची शिवसेना ७, अजित पवारांची राष्ट्रवादी १ आणि सांगलीला अपक्ष विशाल पाटील, टोटल ४८. राखीव जागांना चांदणी दिलीय, नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर या चार एसटीच्या आणि अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर या पाच एससीच्या, ते सगळं बरोबर. एक ठिकाणी शिळा आहे, नांदेडला वसंतराव चव्हाणांचंच नाव आहे, ते ऑगस्ट २०२४ मध्ये वारले, नोव्हेंबरला पोटनिवडणूक झाली आणि रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले. पक्ष तोच म्हणून रंग चुकत नाही, पण परीक्षेच्या पोराने नाव पाठ केलं तर मार्क जाईल, म्हणून मी तिथं चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं.

आणि हा लोकसभेचाच नकाशा आहे हे गिऱ्हाइकाला वारंवार सांगावं लागतं. सहाच महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं आणि याच रेघांच्या आत चित्र पार बदललं. नंदुरबार, धुळे, जळगाव तीन जिल्ह्यांच्या २० जागांपैकी १९ महायुतीकडे, एकटं नवापूर काँग्रेसचे शिरीष नाईक यांनी राखलं, तेही १,१२१ मतांनी. आमच्या शिरपूरला भाजपचे काशिराम पावरा जवळजवळ दीड लाखाच्या फरकाने आले. आता भिंतीवर आमचं गाव एका रंगात आणि आमदार दुसऱ्या पक्षाचा, नवीन माणूस आला की पहिला प्रश्न हाच. विधानसभेचा वेगळा नकाशा मिळतो म्हणे, दोन्ही शेजारी शेजारी लावले तर मजा येईल, पण भिंत एकच आणि तिथं फॅशन कटिंगचे फोटो पण लावावे लागतात.

काही जण विचारतात पुढच्या निवडणुकीला हा बाद होईल का. रंग तर बाद होणारच, रेघांचं असं आहे की आत्ताच्या हद्दी २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या, आणि राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती जनगणना झाली, रेघा आखणारा आयोग बसला, की मग रेघा हलतील, तेव्हा शिरपूर कुठं जाईल ते बघू, धुळ्यात जायची आमच्याकडच्या बऱ्याच जणांची इच्छा आहे कारण कामं सगळी धुळ्यालाच असतात.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा रंगाचा कापला, अर्धा बारीक अक्षराचा, अर्धा त्या तळ्याच्या फोटोचा. अभ्यासिका, क्लास, वाचनालय, चहाची टपरी, जिथं चार माणसं थांबतात तिथं घ्यायलाच पाहिजे. घेताना गुंडाळी करून दिलेलाच घ्या, घडी घातलेला स्वस्तात देतात पण घडीची रेघ बरोबर जळगाव आणि रावेरच्या मधून जाते आणि मग कुठली रेघ मतदारसंघाची ते कळत नाही. सोबत काळा मार्कर घ्या, लाल पुसला तरी डाग राहतो.