वायफाय ६ राउटर, एक लांब पासवर्ड आणि घरभरची स्मार्ट उपकरणे: वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर हा ड्युअल-बँड राउटर घेतला, उन्हाळा लागेपर्यंत रोज वापरला आणि मगच लिहायला बसले. वेग आणि रेंजबद्दल थोडक्यात सांगते. पुण्यातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. राउटर पॅसेजमध्ये माळ्याखाली लावलाय. शेवटच्या खोलीतही व्हिडिओ कॉल अडकत नाही, गॅलरीत मात्र रेंज पडते. एवढे पुरे. बाकीचे सगळे पासवर्ड आणि उपकरणे पुन्हा जोडण्याबद्दल आहे, कारण दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही आणि घरी आल्यावर सगळा वेळ त्यातच जातो.

आधी जुन्या पासवर्डची गोष्ट. फायबरची जोडणी करायला आलेल्या मुलाने घरचा मोबाईल नंबरच पासवर्ड म्हणून टाकला होता. आमच्या इमारतीत बहुतेक घरांत हेच आहे. शेजारचे काका तर मला म्हणाले, "अगं, नंबरच ठेव, लक्षात राहतो." पण यातला धोका समजून घ्या. वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत एखादा फोन वायफायला जोडला जात असतानाची देवाणघेवाण बाहेरून कोणीही टिपू शकतो आणि नंतर घरी बसून, तुमच्या राउटरला हातही न लावता, पासवर्डचे अंदाज तपासत राहू शकतो. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. गेमिंगसाठी वापरतात ते एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांहून जास्त अंदाज तपासते. तासा-दोन तासांचे काम. आणि नंबर ओळखीचा असेल तर तेवढाही वेळ नको.

म्हणून नवा राउटर लावताना पासवर्ड बदलायचाच, हे नक्की होते. वायफायच्या मानकानुसार पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो आणि त्यात रोमन अक्षरे, आकडे, चिन्हे, अगदी मोकळी जागासुद्धा चालते. या राउटरने मात्र स्वतःचे नियम वर चढवलेत: एक मोठे अक्षर हवे, एक आकडा हवा, एक चिन्ह हवे, आणि मोकळी जागा नको. गंमत म्हणून नाही, मुद्दाम तपासायचे म्हणून मी आठच अक्षरांचा, पहिले अक्षर मोठे, मधे ऍट आणि शेवटी १२३४ असा पासवर्ड टाकून पाहिला. पट्टी लगेच हिरवी झाली, 'मजबूत' असे लिहून आले. हे चूक आहे आणि कंपनीने ते सुधारायला हवे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितले आहे की असले मिश्रणाचे नियम लादू नका, लांबीला महत्त्व द्या आणि कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. तरी या राउटरचे ॲप दर थोड्या दिवसांनी 'पासवर्ड बदला' म्हणून आठवण करते. ती आठवण मी बंद केली.

माझी पद्धत अशी: एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द, रोमन लिपीत, मधे डॅश, शेवटी एक आकडा, आणि राउटरच्या नियमापुरते एक मोठे अक्षर. शब्द निवडताना एक काळजी मात्र घ्या. दीर्घ आ असलेला शब्द घेतला की कोणी एक ए लिहितो, कोणी दोन, आणि घरात पाच जण पाच प्रकारे टाइप करतात. पतंग, बदक यांसारखे शब्द सगळे एकाच तऱ्हेने लिहितात. (हेच शब्द घेऊ नका, स्वतःचे शोधा.) चिन्हांच्या बाबतीत डॅशवरच थांबा. आमच्याकडच्या एका जुन्या प्लगच्या ॲपला डॉलरचे चिन्ह पचत नव्हते, पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा पासवर्ड' यायचे. शिवाय टीव्हीच्या रिमोटने आणि प्रिंटरच्या बोटभर पडद्यावर चिन्हे शोधणे हा छळ आहे.

नावाचेही तसेच. वायफायच्या नावाला ३२ बाइट्सची मर्यादा असते. देवनागरीत नाव ठेवता येते, पण एकेका अक्षराला, मात्रेला तीन-तीन बाइट्स लागतात, म्हणजे दहा चिन्हांत जागा संपते. फोनवर ते छान दिसते, पण काही बल्ब आणि कॅमेऱ्यांना ते वाचता येत नाही. त्यामुळे साधे रोमन नाव. आणि हे विशेष लक्षात ठेवा: वायफायची खरी किल्ली नाव आणि पासवर्ड दोन्ही मिळून बनते. पासवर्ड तोच ठेवून नावातले एक लहान अक्षर मोठे केले तरी उपकरणांच्या दृष्टीने ते वेगळेच नेटवर्क असते आणि सगळी तुटतात.

आता जोडणी. आमच्याकडे बल्ब, गिझरचा १६ अँपिअरचा प्लग, दोन कॅमेरे, एसी, टीव्ही, प्रिंटर आणि आईच्या खोलीतला स्पीकर. यातली बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, फोन मात्र आपोआप ५ गिगाहर्ट्झवर जातो. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले की काही ॲप्स जोडणीच्या वेळी गोंधळतात. या राउटरमध्ये स्मार्ट उपकरणांसाठी वेगळे, फक्त २.४ चे नेटवर्क काढायची सोय आहे, आणि माझ्या मते एवढ्या एका सोयीसाठी तो घ्यावा. त्याचे नाव, पासवर्ड वेगळे. फोन-लॅपटॉपच्या नेटवर्कचा पासवर्ड उद्या बदलावा लागला तरी बल्ब जागचे हलत नाहीत.

छताचे बल्ब मात्र वेळ खातात. भिंतीवरचे बटण ठरावीक वेळा बंद-चालू करायचे, बल्ब भराभर लुकलुकायला लागला की फोनवरून जोडायचा. मी स्टुलावर फोन धरून आणि आई बटणापाशी, "झालं का गं? अजून एकदा?" असे करत हॉल पुरा झाला. एसीला सर्वात कमी त्रास, प्रिंटरला सर्वात जास्त. प्रिंटरसाठी डब्ल्यूपीएसचे (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बटण दाबा असे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेय, पण डब्ल्यूपीएसच्या पिन पद्धतीतली कमजोरी २०११ सालीच उघड झाली होती. मी ते बंदच ठेवते आणि पासवर्ड हाताने टाकते.

डब्ल्यूपीए३ बद्दल. ही पद्धत २०१८ साली आली आणि टिपलेली देवाणघेवाण घरी नेऊन अंदाज तपासण्याची वाट ती बंद करते, म्हणून फोन-लॅपटॉपच्या नेटवर्कवर ती चालू करा. पण स्मार्ट उपकरणांच्या नेटवर्कवर डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती सांकेतिक करण्याची पद्धत) एवढेच ठेवा. मिश्र पद्धत (डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र) कागदावर दोघांनाही चालते, प्रत्यक्षात आमचा गिझरचा प्लग आणि एक कॅमेरा तिच्यावर टिकत नव्हते. दिवाळीच्या सुमारास राउटरचे सॉफ्टवेअर अपडेट झाले आणि ही सेटिंग न विचारता पुन्हा मिश्र झाली. सकाळी गिझर चालू झाला नाही तेव्हा कळले. ही माझी सर्वात मोठी तक्रार.

हिवाळ्यात इमारतीत व्होल्टेज चढले आणि राउटर गेला. वॉरंटीत नवा आला. त्यावर दोन्ही नेटवर्कची नावे, पासवर्ड आणि सुरक्षेची पद्धत अक्षर न् अक्षर तीच टाकली. चहा होईपर्यंत एकेक करून सगळी उपकरणे आपोआप परतली, स्टूल काढावे लागले नाही. ज्यांच्या घरी कंपनीचा माणूस फायबरचा डबा बदलून जातो आणि मग सगळे बंद पडते, त्यांनी त्याला जायच्या आधी एवढेच करायला सांगावे. डब्याचे स्वतःचे वायफाय चालू असेल आणि तुमचा राउटर वेगळा असेल, तर डब्याचे वायफाय बंद करून घ्या.

वीज गेल्यावरचा प्रश्न वेगळा आहे. वीज आली की बल्ब आणि प्लग क्षणात जागे होतात, पण डबा आणि राउटर यांना तयार व्हायला काही मिनिटे लागतात. तोवर काही उपकरणे वाट पाहून थकतात आणि 'ऑफलाइन' दाखवत राहतात. पावसाळ्यात हे सारखे व्हायचे. डबा आणि राउटर दोघांना पुरेल असा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला आणि हा त्रास जवळजवळ संपला. घेताना दोन्ही ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा.

पाहुण्यांसाठी तिसरे नेटवर्क आहे. त्याचा क्यूआर कोड छापून चपलांच्या कपाटावर लावलाय. आले की स्कॅन करतात, पासवर्ड सांगायचा प्रश्नच नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून टीव्हीवर फोटो दाखवता येत नाहीत, कारण तिथली उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत. हे योग्यच आहे.

मुलांच्या वेळेचे बंधन या राउटरवर नीट चालते, पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून राउटर फोनला ज्या पत्त्यावरून (मॅक ॲड्रेस) ओळखतो, तो पत्ता फोन प्रत्येक वायफायला वेगळा दाखवतो. घरच्या नेटवर्कपुरती ती सोय मुलांच्या फोनवर बंद केली, तेव्हाच बंधन नेमक्या फोनला लागू राहिले.

राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाईल मात्र काढून ठेवा, आणि प्रत्येक अपडेटनंतर सुरक्षेची पद्धत एकदा उघडून पाहा. राउटरच्या स्वतःच्या सेटिंगचा पासवर्ड वायफायपेक्षा वेगळा ठेवा. आमच्याकडे तो फक्त मला आणि बाबांना माहीत आहे. पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या हिरव्या पट्टीसाठी आणि गिझरच्या सकाळीसाठी कापला.