मुलांसमोरची शिवी आणि ओटीटीचे पालक-कुलूप

इंदुरात आमच्या रामबागेतल्या घरी वर्षभरापासून एक ओटीटी सेवा घेतलेली आहे. चित्र, आवाज आणि मराठी मालिकांचा साठा उत्तम आहे. तक्रार आहे ती कौटुंबिक विनोदी मालिकांना दिलेल्या वयोगटाची. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा सेवांनी कार्यक्रमांचे यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे वर्गीकरण करायचे असते, आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. ती सोय इथे आहे, पिनही लगेच बसतो. पण ७+ म्हणून कुलपाबाहेर राहिलेल्या एका मालिकेत बाप जेवणाच्या ताटावर, आठेक वर्षांच्या मुलीदेखत, आईवरून शिवी हासडतो, मुलगी दचकून वर बघते आणि नेमका तेव्हाच हशा वाजतो. मला खुपले ते हेच. मोठ्यांनी आपसात शिवी देणे निराळे; इथे विनोद शिवीत नाहीच, ती लेकराच्या कानावर पडण्यात आहे, आणि पाहणाऱ्या मुलाला तो हशा शाबासकीसारखा वाटतो.

गेल्या रविवारी पोह्यांवर जीरावण (वरून भुरभुरायचा मसाला) कमी पडले म्हणून माझ्या सात वर्षांच्या पुतण्याने तोच शब्द आजीसमोर उच्चारला आणि आम्ही हसण्याची वाट पाहत तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला. आजीने न बोलता जीरावणाची डबी त्याच्यापुढे सरकवली.

अशा प्रसंगांना १३+ वयोगट आणि भाषेची ठळक सूचना मिळायलाच हवी. तोवर माझ्याकडून पाचपैकी दोनच तारे.