ओकायामाचं कोराकुएन: साकुरा चुकला तरी चालेल

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेल्यांना जपानमधल्या ओकायामा शहरातली ही बाग अर्धी ओळखीची वाटेल, कारण ते बेतलंय याच बागेवरून. पुण्याची दहा एकर, ही सुमारे 33. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये काम सुरू करवलं, ते 1700 मध्ये पुरं झालं. 1934 चा पूर आणि 1945 ची बॉम्बफेक यांत बरीच पडझड झाली. पण एदो काळातली (17 वं ते 19 वं शतक) चित्रं हाताशी होती, त्यामुळे जुन्याबरहुकूम दुरुस्ती करता आली.

मार्चअखेर साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला येणारे हिरवळ पाहून हिरमुसतात. इथलं गवत थंडीत वाळतं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे राब भाजतात तसं, ते चक्क पेटवतात. किडींची अंडी मरावीत म्हणून. त्यामुळे फुलं ऐन भरात असताना 18,500 चौरस मीटरचं ते मैदान मळकट तपकिरी असतं. साकुराच बघायचा तर बाहेर आसाही नावाच्या नदीचा काठ आहे, तिथे तिकीटही नाही. बागेसाठी एप्रिलची अखेर ते मेचा मध्य घ्या: गवत हिरवं झालेलं, टेकडीच्या उतारावर अझेलियाची फुलं, मेपलला कोवळी पालवी. मात्र 29 एप्रिल ते 5 मे हा जपानी सुट्ट्यांचा आठवडा टाळाच.

स्टेशनवरून हिगाशियामाकडे जाणारी ट्राम धरा, शिरोशिता थांब्यावर उतरा, पुढे दहा मिनिटं चाला. नदीपलीकडचा ओकायामाचा किल्ला आधी उरकून बागेच्या दक्षिण दरवाजाने शिरणं सोयीचं वाटतं खरं, पण त्यात बाग उलटी दिसते. सरदार बसायचा तो एन्यो-तेइ वाडा मुख्य दरवाजापाशी आहे आणि हिरवळ, तळं, टेकडी, मागचा मिसाओ डोंगर हा सगळा देखावा तिथून बघण्यासाठीच रचलाय. युइशिनझान टेकडी जेमतेम सहा मीटर, तीही नंतरच्या सरदाराने, त्सुगुमासाने घातलेली, तरी चढाच. सपाट बागेला खोली आली ती तिच्यामुळे. पाण्याचा 640 मीटरचा पाट पुढे र्‍युतेन या उघड्या मंडपाच्या मधोमध वाहतो, पात्रात सहा रंगीत दगड. बूट काढून निवांत बसायची जागा ही. घाईतले लोक बाहेरूनच फोटो काढून जातात, आणि नेमकं हेच गमावतात.

चहाचे वाफे आणि भातखाचरं शोभेपुरती आहेत. खाचरं मेमध्ये कोरडी असली तर नवल नाही. सावली फार कमी, टोपी हवीच. दोन तास धरा. सकाळी साडेसातला दार उघडतं (20 मार्च ते सप्टेंबरअखेर), तेव्हाच आत शिरा. किल्लाही बघणार असाल तर दोन्हींचं एकत्र तिकीट घ्या, स्वस्त पडतं. बाहेर पडताना दक्षिण दरवाजा आणि त्सुकिमी पूल, की समोर काळा किल्ला.

शाकाहारींनी सोबा-उदोन या नूडल्सच्या नादी लागू नये, रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो. माच्चा (हिरव्या चहाची पूड घोटून केलेला चहा) आणि किबी दांगो ही गावची प्रसिद्ध गोड मिठाई, यावर भागतं.