अमेरिकेच्या सीमाविस्ताराचा भिंतीवरचा नकाशा

मुलीच्या अभ्यासासाठी ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानातून हा नकाशा घेतला. त्याला मागून कापड असल्याने तो घडीवर फाटत नाही. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना घेतलेला लुइझियानाचा प्रदेश हिरवा असून, मिसिसिपी नदीपासून रॉकी पर्वतांपर्यंतचा तो पट्टा पाहिला की एका खरेदीने देशाचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट कसे झाले, हे वेगळे सांगावे लागत नाही. मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर १८४८ च्या तहाने मिळालेला कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख पिवळा आहे. त्यासाठीही अमेरिकेने दीड कोटी डॉलर मोजले होते, म्हणजे आधी लढाई आणि मग खरेदीखत, ही नोंद मात्र समासात बारीक अक्षरांत दडली आहे. खरी चूक दक्षिण ॲरिझोनाची आहे. १८५४ मध्ये मंजूर झालेल्या करारानुसार एक कोटी डॉलरना, मुख्यतः रेल्वेमार्गासाठी, घेतलेली ती पट्टीही पिवळीच रंगवली आहे. या जमिनींवर आधीपासून राहणाऱ्या आदिवासी जमातींचा तर कुठेच उल्लेख नाही. दुकानदारांनी नकाशा बदलून देण्यास नकार दिला; त्या पट्टीवर आता मुलीने पेन्सिलीने तिरप्या रेघा मारल्या आहेत.