वरची दोघं कापली होती

आजोबांच्या फोटोची सागवानी फ्रेम रिकामी पडली होती, अठरा बाय चोवीस इंच. तीत फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं आर्जांतेय गावाजवळचं खसखशीचं शेत, हे चित्र छापून बसवायचं म्हणून म्हापशातल्या एका प्रिंटिंगच्या दुकानात गेले. मूळ चित्र १८७३चं, ५० बाय ६५ सेंटिमीटर, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. म्हणजे फ्रेम आडवी धरली की माप जवळजवळ जुळतं.

शुक्रवारी बाजार आटोपून आणायला गेले, तर चित्र उभं! कडी आखूड बाजूला होती (आजोबा उभेच होते ना), म्हणून त्यांनी डावीकडचं कापून फ्रेम भरली. "ताई, छत्रीवाली नि पोर आलंय मगो," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.

अरे, पण या चित्रात आई-मुलाच्या जोड्या दोन आहेत! एक खाली उजवीकडे, दुसरी वर डावीकडे, चढाच्या टोकाला, अगदी इवलीशी. खालची बहुधा मोनेची बायको कामीय आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा जाँ. वरची जोडी केवळ तिरकी रेषा साधण्यापुरती, असं जाणकार म्हणतात. मला नाही पटत. मला ती हीच दोघं वाटतात, थोड्या वेळापूर्वीची. उतारावरून येताना काय बोलली असतील, ते मोने सांगत नाही. चेहरेसुद्धा धड नाहीत. मधे नुसते लाल ठिपके, आणि डावीकडे पुढ्यात ते फुलांना न शोभण्याइतके मोठे. ती बाजू गेली की चालणंच जातं. बाई फोटोसाठी थांबवल्यासारखी दिसते.

दुकानदाराने वाद न घालता, जादा पैसे न घेता पुन्हा छापून दिलं. रंग मात्र आधी भडक होते, निळसर हिरवा पार पोपटी झालेला. आधी नमुन्याची पट्टी छापून दाखवा म्हटल्यावर सुधारले. चार दिवसांचे दहा झाले. कॅनव्हास चांगला आहे, चकाकत नाही. मागे पुठ्ठा ठोकू देऊ नका, आपल्या पावसात बुरशी धरते. १,८०० रुपयांच्या या कामाला पाचात साडेतीन गुण.

काल शेजारची वयनी आली. "तेरडा केवढा फुललाय! कुठला गो हा सडा?" मग जवळ जाऊन म्हणाली, "वरची दोघं मागे राहिली म्हणून ही थांबलीत काय?"